हिमयुगाची धूळ

ग्रंथसंग्रहाचा अभिमान बाळगणाऱ्या मनुष्याचे शत्रु तीन : वाळवी, पुस्तकें मागून नेणारे स्नेही, आणि धूळ. पहिल्या दोहोंवर उपाय आहेत. वाळवीस औषध मारतां येतें, आणि स्नेह्यांस, धीर केला तर, नाहीं म्हणतां येतें. धुळीपुढें मात्र कांहींच चालत नाहीं. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत (आमच्या पिढीच्या तोंडीं अद्याप औरंगाबाद हेंच नांव आधीं येतें) चैत्र लागला कीं खिडक्या कितीहि लावून घ्या, टेबलावर बोटानें सही करतां येईल इतका थर सायंकाळपर्यंत जमतोच. आमच्या घरांतील मंडळींचा या बाबतींत असा सिद्धांत आहे कीं, धूळ बाहेरून येत नसून ती पुस्तकांतूनच उत्पन्न होते. भूगोलाचा अध्यापक या नात्यानें आम्हांस हा सिद्धांत मान्य करतां येत नाहीं. परंतु कित्येक वर्षें भूगोल शिकवूनहि धुळीविषयींचें आमचें ज्ञान याहून फारसें पुढें गेलें नव्हतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

हें अज्ञान आमच्या पदरांत घातलें तें एका विद्यार्थ्यानें. गोष्ट 2004 सालच्या हिवाळ्यांतली. दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत आम्ही हिमयुग शिकवीत होतों. विषय आमचा आवडता. फळ्यावर उत्तर गोलार्धाचा नकाशा काढून, सुमारें 21,000 वर्षांपूर्वीं कॅनडावर तीन किलोमीटर जाडीचें बर्फाचें कवच कसें पसरलें होतें, सबंध स्कँडिनेव्हिया तशाच दुसऱ्या कवचाखालीं कसा दडपला होता, आणि इतकें पाणी जमिनीवर गोठून राहिल्यामुळें समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें 120 मीटर खालीं कशी गेली होती, हें सर्व आम्ही रंगांत येऊन सांगत होतों. इतक्यांत शेवटच्या बाकावरून पैठण तालुक्यांतला एक मुलगा उठला. "सर, त्या वेळीं आपल्या पैठणला काय होतें?" वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों व म्हणालों, "कांहीं नाहीं. पैठणला बर्फ नव्हता." मुलगा खालीं बसला.

उत्तर शब्दशः खरें होतें. दख्खनच्या पठारावर हिमनदी कधीं उतरली नाहीं. पण 'बर्फ नव्हता' आणि 'कांहीं नव्हतें' हीं दोन विधानें एक नव्हेत, एवढा तर्क त्या मुलाजवळ होता व आमच्याजवळ नव्हता. याचें कारण आमच्या शिक्षणांत आहे. आम्ही भूगोल शिकलों तो इंग्रजी ग्रंथांतून. त्यांत हिमयुगाचे आल्प्स, हिमयुगाचें स्कॉटलंड, हिमयुगाची सरोवरें अशीं प्रकरणें असत. लुई अगासीनें 1840 सालीं स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हांपासून हा विषय जणूं साहेबाच्या घरचाच झाला, आणि परक्याच्या घरांतील गोष्ट माणूस जशी कौतुकानें पण अलिप्तपणें सांगतो, तशी ती आम्ही सांगत आलों.

पुढें तीनचार वर्षांनीं अंटार्क्टिकांतील बर्फाच्या नळकांड्यांविषयीं वाचण्यांत आलें. तेथील पठारावर 'डोम सी' नांवाच्या ठिकाणीं युरोपांतील दहा राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनीं 3,270 मीटर खोल छिद्र पाडून बर्फ वर काढला. दरवर्षींचें हिम एकावर एक साचून झालेला तो बर्फ. त्याचा तळचा भाग सुमारें 8 लक्ष वर्षांपूर्वींचा निघाला. या बर्फांत हवेचे बुडबुडे आहेत, त्यांचें महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस खिळवून ठेविलें तें मात्र त्यांतील धुळीनें. एक मिलिमीटरचा पांचशेंवा भाग, इतपतच आकाराचे ते कण. पण दर हिमयुगांत त्यांची बरसात वाढे व दर उबदार काळांत ती कमी होई. वाढ किती, तर सुमारें पंचवीसपट. ग्रीनलंडच्या बर्फांत तर हिमयुगांतील धूळ आजच्या शंभरपटींपर्यंत गेलेली आढळते, आणि मधूनच हवा एकाएकीं उबदार झाली कीं कांहीं दशकांतच ती एकदशांशावर येते. कणांतील द्रव्यें तपासून ती कोठची हेंहि शास्त्रज्ञांनीं ओळखलें आहे. अंटार्क्टिकाची धूळ मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या शेपटाकडील पॅटागोनियाची, व ग्रीनलंडची पूर्व आशियांतील वाळवंटांची. ताक्लामाकानची माती ग्रीनलंडास जाऊन बसते, हें वाचल्यावर आमच्या टेबलावरील थराकडे आम्ही प्रथमच कांहींशा आदरानें पाहिलें.

बर्फ आणि धूळ यांचें हें सूत कसें जुळलें? सामान्य माणसास बर्फ म्हणजे स्वच्छतेची परिसीमा वाटतो. परंतु किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ स्थिर नसतो. स्वतःच्या भारानें तो सरकतो, आणि सरकतांना पोटांत धरलेल्या दगडगोट्यांनीं खालचा खडक घासून काढतो. या घासण्यांतून जें निघतें तें इतकें बारीक असतें कीं त्यास पीठ म्हणणेंच योग्य. गंगोत्रीच्या यात्रेस गेलेल्या वाचकांनीं भागीरथीचें राखाडी-दुधी पाणी पाहिलें असेलच. तो रंग या पिठाचाच. हिमयुगांत असे पिठाचे लोंढे बर्फाच्या कांठांतून बाहेर पडून पुढील उघड्या मैदानांवर पसरत. उन्हाळ्यांत पाणी, हिवाळ्यांत कोरडें. मग वारा येई. त्या काळीं ध्रुवाकडील थंडी व विषुववृत्ताकडील ऊब यांतील अंतर वाढलेलें, शिवाय कॅनडावरचा बर्फाचा डोंगर वाऱ्यांच्या वाटाच वळविणारा. त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं वारे आजच्याहून जोरकस होते. हवेंतील कार्बनवायु दशलक्षांत 190 च्या आसपास उतरला होता (आज तो 420 च्या वर आहे), पाऊसहि कमी. म्हणून झाडझाडोरा विरळ होऊन माती धरून ठेवण्यास मुळें नव्हतीं. समुद्र हटल्यामुळें उघड्या पडलेल्या किनाऱ्यांची त्यांत भर. आणि एकदां उडालेली धूळ खालीं आणणारा पाऊसच कमी, म्हणून ती दूरवर जाई.

या धुळीनें केलेलें काम साधें नव्हे. चीनच्या उत्तरेस पिवळ्या मातीचे शेंकडों हात जाड थर आहेत. ती माती पाण्यानें नव्हे, वाऱ्यानें आणून टाकली असें जर्मन भूगोलज्ञ रिश्टहोफेन यानें 1877 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत प्रतिपादन केलें, आणि तें टिकलें. पिवळी नदी पिवळी आहे ती त्या धुळीमुळें. तिच्या कांठचीं शेतें पिकलीं तीं त्या धुळीवर. समुद्रांत पडलेल्या धुळींतील लोहानें दक्षिणेकडील सागरांतील सूक्ष्म वनस्पति वाढून त्यांनीं हवेंतील कार्बनवायु शोषला व थंडी आणखी वाढली, ही जॉन मार्टिन याची 1990 सालची कल्पना. उलटपक्षीं, हीच धूळ बर्फाच्या कडांवर बसून त्यास काळवंडून टाकी, काळा बर्फ ऊन अधिक शोषी, व हिमयुग संपावयास त्यामुळेंहि मदत झाली असावी, असें मानणारे विद्वान् आहेत. म्हणजे बर्फानें धूळ काढावी आणि शेवटीं त्याच धुळीनें बर्फास खावें!

असो. पण पैठणचें काय? तें आम्हीं शोधण्यास घेतलें, तेव्हां उत्तर पैठणास न मिळतां प्रथम अरबी समुद्राच्या तळाशीं मिळालें. तेथील गाळांत अरबस्तान व आसपासच्या कोरड्या मुलखांतून उडून आलेली माती थराथरानें बसली आहे. 1990 सालीं स्टीव्हन क्लेमेन्स व वॉरेन प्रेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत त्यांस आढळलें कीं, मातीचे कण किती मोठे हें पावसाळी वाऱ्याच्या जोराप्रमाणें बदलतें. पण माती किती हें जगांतील एकूण बर्फाच्या प्रमाणाशीं जुळतें. बर्फ वाढला कीं या बाजूचे मुलूख सुकत, व आपल्या समुद्रांत धूळ अधिक पडे. जे नैऋत्य वारे आपला पावसाळा आणितात, तेच त्या काळीं दुबळे झाले होते. कॅनडांतील बर्फ आणि मराठवाड्याचा पाऊस एका दोरीस बांधलेले होते, हें आम्हीं वर्गांत सांगावयास हवें होतें. ती दोरी अजून तुटलेली नाहीं. 2022 च्या जानेवारींत आम्ही एका लग्नास मुंबईस होतों, तेव्हां तारीख 23 ला सिंध-बलुचिस्तानकडची धूळ समुद्रावरून येऊन तेथील सूर्य पिठूळ करून गेली. मांडवांतील मंडळी मोटारींस शिव्या देत होती. आम्हीं त्यांस क्लेमेन्स-प्रेल सांगण्याचा प्रयत्न केला. पण लग्नांत कोणी ऐकत नाहीं.

दुसरा पुरावा घराजवळचा. आमच्या शहराच्या उत्तरेस अजिंठ्याची जी रांग आहे, तिच्या पलीकडच्या पायथ्याशीं चाळीसगांव तालुक्यांत पाटणें म्हणून गांव आहे. 1970 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथें एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनीं उत्खनन केलें. दगडी हत्यारांबरोबर त्यांस शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले. एकावर तर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली, आणि कांहींचे मणी केलेले. काळ सुमारें 25,000 वर्षांपूर्वींचा, म्हणजे बर्फ कळसाकडे चालला होता तेव्हांचा. शहामृग हा दाट रानांतला पक्षी नव्हे. त्यास मोकळें, कोरडें गवताळ रान लागतें. ज्या डोंगरांत आज श्रावणांत धबधबे पाहावयास गर्दी लोटते, त्यांच्या पायथ्याशीं शहामृग हिंडत होते व कोणीएक बाई त्याच्या अंड्याचे मणी ओवून गळ्यांत घालीत होती. बाई होती कीं पुरुष हें अर्थात् कवचावरून कळत नाहीं. पण आम्हांस बाईच दिसते.

ती दिसण्याचें कारण आमच्या घरांत होतें. पाटण्यास उत्खनन चाललें होतें जवळजवळ त्याच सुमारास, 1972 च्या दुष्काळांत, आमची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. आम्ही तेव्हां वर्षाचे. बाभळीस टांगलेल्या झोळींत आम्ही, आणि दहा हातांवर आई, मांडीपुढें दगड व हातांत हातोडा. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर ती दोन वर्षें निघालीं. हें सर्व आम्हांस अर्थात् ऐकून ठाऊक. तिचा खोकला मात्र ऐकून नव्हे. आम्हांस आठवतें तेव्हांपासून तो घरांत होता. पुढें शहरांत आणल्यावर डॉक्टरांनीं छातीचें चित्र काढिलें व विचारलें, चूल किती वर्षें फुंकली, धुळीचें काम कधीं केलें होतें काय? तिनें दोहोंस मान डोलाविली. तेवढ्यावरून कारण ठरत नाहीं, असें डॉक्टर प्रामाणिकपणें म्हणाले. औषधें चालू राहिलीं.

2018 च्या थंडींत तिची झोप उडाली होती. रात्रीं ती उशीला टेंकून बसे, व आम्ही कांहीं वाचीत जवळ बसत असूं. एकदां तिनें विचारलें, "काय वाचतूस रं येवढं?" आम्हीं सांगितलें : फार पूर्वीं बर्फाचे डोंगर होते, ते सरकत, खालचा खडक जात्यासारखा दळीत, आणि त्या पिठाची धूळ होऊन सबंध जगांत उडे. ही उपमा आमच्या मतें चांगली साधली होती. आईनें थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "दळल्यानं धूळ उडत न्हाई, बाबा. वाळल्यानं उडती." आणि तिनें सांगितलें तें असें : कामावर सुरुवातीस विहिरीजवळची खडी होती, तेथें कोणाची तरी घागर सांडे, दगड ओले असत, हातोडा तोच, फोडणें तेंच, पण नाकांत कांहीं जात नसे. पुढें विहीर आटली, काम माळावर गेलें, आणि मग पांढरें पीठ उडूं लागलें. त्या वेळीं प्यावयास मिळालेल्या पाण्यांतलें चूळभर पाणी राखून ती एक फडकें भिजवी व झोळीच्या तोंडावर टाकी. "माझ्या तोंडाला पदर कोरडाच," असेंहि ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून.

आमच्या मांडीवर त्या रात्रीं जो निबंध होता तो एडिंबरोचे डेव्हिड सग्डन व त्यांचे सहकारी यांचा, 2009 सालचा. त्यांचा प्रश्न हा कीं, पॅटागोनियांतील हिमनद्या हिमयुगभर खडक दळीतच होत्या, तर अंटार्क्टिकांतील धूळ मध्येंच वाढते आणि मध्येंच जवळजवळ थांबते, ती कां? मॅगेलन सामुद्रधुनीच्या परिसरांतील जुन्या खुणा तपासून त्यांनीं उत्तर काढिलें. हिमनद्या अगदीं पुढपर्यंत आल्या म्हणजे त्यांचे दुधी प्रवाह थेट उघड्या मैदानांवर पसरत, तेथें पीठ वाळे, आणि वारा तें उचलून दक्षिणेस नेई. हिमनदी थोडी मागें हटली कीं तिच्या व मैदानाच्या मध्यें खोलगट जागीं एक तळें सांचे. दळणें चालूच, पण पीठ आतां तळ्याच्या तळाशीं बसे. मैदान उपाशी राही, आणि अंटार्क्टिकांतील बर्फांत धुळीची रेघ जवळजवळ नाहींशी होई. म्हणजे हजार कोसांवरील हवेंत धूळ असावी कीं नसावी, हें बर्फ किती यावर तर होतेंच, पण बर्फाच्या कडेशीं पाणी उभें होतें कीं नव्हतें यावरहि होतें.

आईच्या वाक्यांत हा सबंध निबंध होता. आम्हीं तो तिला वाचून दाखविला नाहीं. काय वाचून दाखविणार? तिनें तो 46 वर्षांपूर्वीं नाकानें वाचला होता.

त्या पैठणच्या मुलाची आठवण आम्हांस त्या रात्रीं पुन्हां झाली. तो आतां पैठण तालुक्यांतच शाळामास्तर आहे. 2019 च्या मे महिन्यांत आम्हीं त्यास कळविलें कीं त्याच्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें आहे, आणि आई बरोबर येते आहे. आईचें येण्याचें कारण निराळें होतें. तिचें माहेर नाथसागराखालीं गेलें. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें 1965 सालीं झाली व 1976 सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें लोकार्पण झालें. आज आमच्या शहरांतील नळास येणारें पाणी त्याचें. त्या पाण्याबद्दल कृतघ्न होण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण 2019 च्या उन्हाळ्यांत उपयुक्त साठा संपून पाणी फार दूर हटलें होतें, आणि जुनें गांवठाण दिसतें आहे असा निरोप कोणीतरी आईस दिला होता.

मास्तरांनीं मोटार जेथपर्यंत जाईल तेथपर्यंत नेली. पुढें भेगाळलेला गाळ. धरणापूर्वीं जो गाळ गोदावरी पुढें घेऊन जात असे, तो 40-45 वर्षें येथें अडून बसला आहे. दूरवर कोणी ट्रॅक्टरमध्यें तो भरून शेतांत टाकावयास नेत होते. ओल होती तेथें गाळपेऱ्याचीं हिरवीं वाफें होतीं. बाकी सगळें करडें व कोरडें. आम्हीं मास्तरांस पाटण्याचे शहामृग सांगितले, अरबी समुद्राचा तळ सांगितला, पॅटागोनियाचें तळें सांगितलें. ते ऐकत होते, पण त्यांची दृष्टि पायाखालच्या गाळावर होती. "म्हणजे सर, हें आपलें तळेंच कीं," ते म्हणाले, "आणि तें आतां उघडें पडलें आहे." पंधरा वर्षांनीं त्यांनीं आम्हांस पुन्हां निरुत्तर केलें. नाथसागरावर हिमनदी नाहीं, येथील गाळ बर्फानें दळलेला नाहीं, हे भेद आम्हीं सांगितले. त्यांनीं ते मान्य केले, आणि तरीहि पायानें एक ढेकूळ चुरडून वाऱ्यावर सोडलें.

आईस गांवठाण सांपडलें नाहीं. एका जोत्याचे दगड दिसले, ते मारुतीच्या देवळाचे असावेत असें ती प्रथम म्हणाली, मग नसावेत असें म्हणाली. दुपार चढली तसा पश्चिमेकडून वारा सुटला आणि समोरचा सबंध तळ, जणूं कोणी चादर झटकावी तसा, उचलला गेला. आम्हीं तिला मोटारीकडे चलण्याची घाई केली. तिनें मास्तरांच्या हातांतील पाण्याची बाटली मागून घेतली. आम्हांस वाटलें, तहान लागली असेल. तिनें आमच्या गळ्यांतील उपरणें ओढून घेऊन त्याचें टोंक भिजविलें, पिळलें, आणि आमच्याच हातांत परत दिलें.

"बांध तोंडाला," ती म्हणाली, आणि स्वतः कोरडा पदर नाकाशीं धरून चालूं लागली.